नागपूरचा कल आणि नागपूरचा टक्का

नागपूरच्या राजकारणाबद्दल बाहेरच्या माणसाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: संघाचं शहर, म्हणून भाजपचं शहर. २७ सप्टेंबर १९२५ ला, विजयादशमीच्या दिवशी, महाल भागात डॉ. केशव बळीराम हेडगेवारांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना केली. रेशीमबागेत त्यांचं स्मृतिमंदिर आहे. नितीन गडकरी आणि देवेंद्र फडणवीस दोघंही इथलेच. एवढ्यावर लोकांचं मत पक्कं होतं. पण नागपुरातून लोकसभेवर कोण कोण निवडून गेलं याची यादी समोर घेतली की हे चित्र टिकत नाही. भाजपनं ही जागा पहिल्यांदा जिंकली १९९६ साली, संघाच्या स्थापनेला सत्तर वर्षं उलटून गेल्यावर. जिंकणारे बनवारीलाल पुरोहित त्याआधी १९८४ आणि १९८९ ला याच नागपुरातून काँग्रेसचे खासदार झालेले होते. १९९८ ला जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली आणि विलास मुत्तेमवार सलग चार निवडणुका जिंकले. भाजपला दुसरा विजय मिळाला थेट २०१४ मध्ये, गडकरींच्या रूपानं.

त्याच्याही मागे गेलं तर यादी आणखी बोलकी होते. पहिल्या निवडणुकीत काँग्रेसच्या अनसूयाबाई काळे. १९६२ ला लोकनायक बापूजी अणे, अपक्ष, नाग विदर्भ आंदोलन समितीच्या पाठिंब्यावर. १९७१ मध्ये देशभर इंदिरा गांधींची लाट असताना नागपूरनं फॉरवर्ड ब्लॉकचे जांबुवंतराव धोटे निवडले. १९७७ ला उत्तर भारतात काँग्रेस भुईसपाट झाली, तेव्हा नागपूरनं काँग्रेसचे गेव्ह आवारी दिल्लीला पाठवले. १९८० ला परत धोटे, पण या खेपेला इंदिरा काँग्रेसकडून. देशाची हवा एकीकडे आणि नागपूर दुसरीकडे, असं इथे एकदा नाही, अनेकदा झालेलं आहे.

याचं कारण शहराच्या पोटात तीन वेगवेगळे प्रवाह आहेत, आणि तिन्ही खोल आहेत.

पहिला काँग्रेसचा. डिसेंबर १९२० चं नागपूर अधिवेशन म्हणजे गांधीजींच्या असहकाराच्या कार्यक्रमावर काँग्रेसची अंतिम मोहोर. १९२३ चा झेंडा सत्याग्रह इथलाच. मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी असल्यामुळे मंत्री, वकील, संपादक, कंत्राटदार सगळे या शहरात, आणि स्वातंत्र्यानंतर ही सगळी व्यवस्था काँग्रेसच्या हातात आली. दुसरा प्रवाह विदर्भाचा. फाजलअली आयोगानं १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. ती बाजूला पडली, १९५६ ला नागपूरचा राजधानीचा मान गेला, आणि १९५३ च्या नागपूर करारातल्या शब्दाप्रमाणे पदरात पडलं ते विधिमंडळाचं अधिवेशन. अणे आणि धोटे यांना पडलेली मतं या दुखावलेपणाची होती. आज विदर्भाच्या नावावर कोणी निवडून येत नाही, पण नागपूरचा मतदार अजूनही मुंबईतल्या सरकारकडे 'आपल्यासाठी काय आणलं' या हिशोबानं पाहतो. गडकरींना पक्षाबाहेरची मतं पडतात असं शहरात सर्रास बोललं जातं. उड्डाणपूल, मेट्रो, रिंग रोड यांच्याकडे लोक 'आपल्याकडे आलेली वस्तू' म्हणून बघतात, हे त्यामागचं मोठं कारण असावं असं मला वाटतं.

तिसरा प्रवाह आंबेडकरी चळवळीचा. बाहेरच्यांच्या नजरेतून तोच निसटतो, म्हणून त्यावर जरा थांबायला हवं. लोकांना १४ ऑक्टोबर १९५६ चं धर्मांतर आणि दीक्षाभूमी माहीत असते. पण राजकारणाच्या दृष्टीनं नागपूर त्याच्या कितीतरी आधीपासून केंद्र होतं. ऑगस्ट १९३० मध्ये दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद नागपुरात भरली, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. जुलै १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना नागपुरातच झाली. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्षाचा जन्म झाला तोही इथेच. एम्प्रेस मिलसारख्या कापड गिरण्यांत राबणारा, रेल्वेत नोकरी करणारा, शिक्षणाची चटक लागलेला समाज या शहरात मोठ्या संख्येनं होता. सार्वत्रिक मताधिकाराची मागणी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन आयोगापुढेच मांडली होती. त्या काळी मताचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण यांना बांधलेला होता. ज्यांच्या आजोबाला मत नव्हतं, आणि ते का नव्हतं हे ज्यांच्या घरात अजून सांगितलं जातं, त्यांच्यासाठी मतदान ही सुट्टीच्या दिवशी उरकायची गोष्ट नसते.

उत्तर नागपुरात इंदोरा, बेझनबाग या भागांत मतदानाच्या दिवशी सकाळी लवकर फिरून पाहावं. शाळेचं फाटक सातला उघडतं, पण रांग त्याआधीच लागलेली असते. म्हाताऱ्या बाया नातवाचा हात धरून आलेल्या, डोक्यावर पदर, हातात मतदार चिठ्ठी घडी करून धरलेली. 'पहिले मतदान, मंग सैपाक,' असं सहज सांगणाऱ्या बाया तिथे भेटतात. शाई लागलेलं बोट घरी जाऊन दाखवायचं असतं. मानववंशशास्त्रज्ञ मुकुलिका बॅनर्जी यांनी भारतातल्या मतदानाचा अभ्यास करून 'व्हाय इंडिया व्होट्स?' हे पुस्तक लिहिलं. मतदानाच्या रांगेत सगळे सारखे होतात, आणि हा सारखेपणा गरीब माणसाला फार मोलाचा वाटतो, ही गोष्ट त्यांना जागोजागी आढळली. उत्तर नागपुरात ती डोळ्यांनी दिसते.

अमेरिकेत याच्या उलट घडतं. तिथे जितकं उत्पन्न आणि शिक्षण जास्त, तितकं मतदान जास्त, हा पक्का अनुभव आहे. मोलमजुरी करणारा, भाड्यानं राहणारा, कमी शिकलेला माणूस तिथे मतदानापासून दूर राहतो. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक १८४५ च्या कायद्यानं नोव्हेंबरातल्या ठरावीक मंगळवारी होते, देशभर सक्तीची सुट्टी नसते, आणि यादीत नाव घालायची जबाबदारी बहुतेक ठिकाणी मतदाराचीच असते. आपल्याकडे योगेंद्र यादवांनी नव्वदच्या दशकातल्या निवडणुकांचा अभ्यास करून दाखवून दिलं की दलित, मागास, गरीब आणि खेड्यातला माणूस अधिकाधिक मतदान करू लागला आहे. त्याला त्यांनी लोकशाहीचा दुसरा उठाव म्हटलं. सुखवस्तू शहरी माणूस मात्र मागे राहिला.

नागपूर शहरात विधानसभेचे सहा मतदारसंघ आहेत: उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम, मध्य आणि २००८ च्या फेररचनेत तयार झालेला दक्षिण-पश्चिम. फडणवीस तिथून २००९ पासून निवडून येत आहेत. पूर्व नागपूर कृष्णा खोपडेंच्या रूपानं भाजपकडे पक्कं. मध्य नागपुरात जुना महाल, मोमिनपुरा आणि हलबा विणकरांच्या वस्त्या एकाच मतदारसंघात येतात, त्यामुळे लढत चुरशीची. २०१४ ला सहाच्या सहा जागा भाजपनं घेतल्या. २००९, २०१९ आणि २०२४ या तिन्ही वेळा मात्र भाजप चार, काँग्रेस दोन, असाच हिशोब राहिला.

२०१४ ला उत्तर नागपुरात काय झालं ते सांगण्यासारखं आहे. अनुसूचित जातींसाठी राखीव असलेली ही जागा, काँग्रेसचे नितीन राऊत तिथले आमदार. बहुजन समाज पक्षाच्या उमेदवारानं राऊतांपेक्षाही जास्त मतं घेतली, राऊत तिसऱ्या क्रमांकावर गेले आणि भाजपचे डॉ. मिलिंद माने निवडून आले. पाच वर्षांनी राऊत परत जिंकले. मधल्या काळात उत्तर नागपूरनं विचार बदलला होता असं नाही. एका बाजूची मतं दोन घरांत वाटली गेली होती, ती पुन्हा एकत्र आली. शहराचा कल बदलला असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा मतं कशी वाटली गेली एवढंच बदललेलं असतं.

लोकसभेचे आकडे हेच सांगतात. २००९ मध्ये मुत्तेमवारांना ३,१५,१४८ मतं मिळाली, भाजपच्या पुरोहितांना २,९०,७४९. फरक २४,३९९. बसपाला त्या वेळी एक लाखाहून जास्त मतं पडली होती. मतदान झालं होतं अवघं ४३ टक्के. २०१४ मध्ये ते ५७ टक्क्यांवर गेलं, म्हणजे मतपेटीत साधारण सव्वातीन लाख मतं जास्तीची आली. आता उमेदवारांकडे बघा. मुत्तेमवारांची मतं ३,०२,९३९, आधीपेक्षा बारा हजारांनी कमी. गडकरींची ५,८७,७६७, पुरोहितांच्या मतांच्या दुप्पट. कोणत्या माणसानं कोणाला मत दिलं ते कळायला मार्ग नाही, आणि नसावाच. पण काँग्रेसची मतं जवळजवळ जागच्या जागी राहिली आणि भाजपची तीन लाखांच्या घरात वाढली, याचा सरळ अर्थ असा की पाच वर्षांपूर्वी घरी बसलेला किंवा तेव्हा मताचं वय नसलेला नागपूरकर त्या दिवशी बाहेर पडला. २०१४ चा नागपूरचा निकाल आधीच्या मतदारांच्या मतपरिवर्तनापेक्षा नव्यानं रांगेत आलेल्या माणसानं जास्त ठरवला.

२०१९ ला गडकरींना ६,६०,२२१ मतं, नाना पटोलेंना ४,४४,२१२. २०२४ ला गडकरींना ६,५५,०२७ आणि विकास ठाकरेंना ५,१७,४२४. मताधिक्य २,१६,००९ वरून १,३७,६०३ वर आलं, तेव्हा 'गडकरींची मतं घटली' असं पुष्कळांनी म्हटलं. घटली ती जेमतेम पाच हजारांनी. वाढली होती ती समोरच्याची, त्र्याहत्तर हजारांनी. २०१९ मध्ये बसपा आणि वंचित बहुजन आघाडी यांनी मिळून पन्नास हजारांहून अधिक मतं घेतली होती. २०२४ ला वंचितनं नागपुरात काँग्रेसच्या उमेदवाराला पाठिंबा दिला आणि बसपा वीस हजारांच्या आत आली. संविधानाचा मुद्दा तेव्हा वस्त्यावस्त्यांत पोचला होता. उत्तर नागपुरात काँग्रेस पुढे राहिली. एका बाजूची मतं विखुरलेली असणं आणि एकवटणं यांतला फरक या दोन निकालांत शेजारी शेजारी ठेवून पाहता येतो.

याच शहरानं महापालिका २००७ पासून भाजपच्या हाती दिली. २०१७ मध्ये तर १५१ पैकी १०८ नगरसेवक भाजपचे. म्हणजे २००९ ला दिल्लीसाठी काँग्रेसचा खासदार निवडणारं शहर गल्लीसाठी भाजपकडे होतं. उलटंही झालं. नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघ हा भाजपचा जुना बालेकिल्ला. फडणवीसांचे वडील गंगाधरराव आणि नंतर गडकरी तिथूनच विधान परिषदेवर गेले. डिसेंबर २०२० मध्ये तिथे काँग्रेसचे अभिजित वंजारी जिंकले आणि हरले ते त्या वेळचे महापौर संदीप जोशी. त्याच वर्षी जानेवारीत नागपूर जिल्हा परिषद काँग्रेसनं घेतली होती. एकच शहर, एकच जिल्हा, पण कशासाठी मत मागितलं जातंय त्यावर उत्तर बदलतं.

आता टक्क्याकडे येऊ, कारण खरी चिंता तिथे आहे.

१९ एप्रिल २०२४ ला, लोकसभेच्या पहिल्या टप्प्यात, पूर्व विदर्भातल्या पाच मतदारसंघांत मतदान झालं. नागपुरात ५४ टक्के. रामटेकमध्ये ६१. चंद्रपूर आणि भंडारा-गोंदियात सदुसष्टच्या आसपास. गडचिरोली-चिमूरमध्ये जवळपास ७२. प्रशासनानं 'मिशन डिस्टिंक्शन' नावाची मोहीम काढून नागपूरसाठी ७५ टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं होतं. त्यापेक्षा वीसेक टक्क्यांनी शहर मागे राहिलं. दरवेळी कारण दिलं जातं उन्हाचं. एप्रिलमध्ये नागपुरात पारा चाळिशी गाठतो, दुपारी रस्ते ओस पडतात, हे खरं आहे. पण त्याच दिवशी तेच ऊन चंद्रपूरच्या डोक्यावर होतं, आणि चंद्रपूरचं ऊन काय असतं हे विदर्भात कोणाला सांगायची गरज नाही. गडचिरोलीत काही केंद्रांवर मतदान पथकं हेलिकॉप्टरनं उतरवावी लागली. नक्षलग्रस्त भागात मतदान दुपारी तीनलाच संपतं. लोक जंगलातून मैलोन् मैल चालत आले. तिथे ७२ आणि ज्या शहरात बहुतेकांचं केंद्र चालत पंधरा मिनिटांवर आहे तिथे ५४. ऊन हे कारण असेल तर ते सगळ्यांना सारखं लागायला हवं होतं.

मग काय कारण असावं? एक तर उघडच आहे. ले-आउट आणि फ्लॅट स्कीममधला माणूस. त्याला दारात उभं राहून 'चला हो, मतदानाला' म्हणणारं कोणी नसतं. वस्तीत शेजारी विचारतो, विहारात विचारतात, मशिदीतून निघताना विचारतात, खेड्यात तर बोट दाखवल्याशिवाय सुटका नाही. फ्लॅट स्कीममध्ये लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाला बोट दाखव म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. शिवाय या माणसाच्या रोजच्या गरजा सरकारवर फारशा अवलंबून नाहीत. पाण्याला बोअरवेल, विजेला इन्व्हर्टर, शाळा खाजगी, दवाखाना खाजगी. 'येतेच ना बाप्पा निवडून, आपल्या एका मतानं काय होते?' हे वाक्य मी याच घरांतून ऐकलेलं आहे. ज्याला रेशनच्या दुकानात, सरकारी दवाखान्यात, नझुलाच्या पट्ट्यासाठी रोज सरकारची गाठ घ्यावी लागते, त्याला एका मताची किंमत कळते. मतदानाला जोडून शनिवार-रविवार आला की घराबाहेर पडणारेही आहेतच. १९ एप्रिलला शुक्रवार होता. पुढे नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान निवडणूक आयोगानं मुद्दाम बुधवारी ठेवलं, ते शहरी मतदाराची ही सवय ओळखूनच.

पण मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्याची चर्चा फार कमी होते. ते म्हणजे खुद्द मतदार यादी.

टक्का काढताना खाली भागाकाराला जे असतं ते यादीतली नावं, शहरात प्रत्यक्ष राहणारी माणसं नव्हेत. समजा एका केंद्राच्या यादीत १२०० नावं आहेत आणि ६०० जणांनी मतदान केलं. टक्का झाला पन्नास. पण त्या १२०० मधली २०० माणसं वारली असतील, पुण्याला गेली असतील, लग्न होऊन सासरी गेली असतील किंवा दोनदा लागली असतील, तर खरी हजेरी हजारात सहाशे, म्हणजे साठ टक्के. एकही माणूस जास्तीचा न येता दहा टक्के वाढले. अमेरिकेत टक्का बहुधा मताचं वय आणि हक्क असलेल्या एकूण लोकसंख्येवर काढतात. २०२० मध्ये तो ६६ च्या आसपास गेला, तेव्हा शंभरेक वर्षांतला उच्चांक म्हणून गाजला. आपला आणि त्यांचा आकडा शेजारी ठेवताना भागाकार कशानं केलाय हे आधी बघावं लागतं.

यादीचं पान जवळून पाहिलं की घोळ कसा होतो ते कळतं. एका पानावर तीस चौकोन. प्रत्येकात अनुक्रमांक, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, ओळखपत्राचा क्रमांक. घर क्रमांकाच्या जागी कुठे नुसता प्लॉट नंबर, कुठे शून्य, कुठे एक रेघ. आडनाव एकाच घरात तीन तऱ्हांनी लिहिलेलं. बाप एका केंद्रावर, मुलगा दुसऱ्या. नाव कमी करायला नमुना ७ भरावा लागतो, आणि घरात माणूस गेल्यावर तेराव्याच्या धामधुमीत मतदार यादी कोणाच्या लक्षात राहते? बीएलओ, म्हणजे केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून नेमलेल्या असतात त्या अंगणवाडी सेविका, शाळामास्तर, महापालिकेचे कर्मचारी. आपलं रोजचं काम सांभाळून त्यांना घरोघर फिरायचं असतं. फ्लॅट स्कीमचा चौकीदार त्यांना खालूनच परत पाठवतो, हे त्यांच्यापैकी कोणीही सांगेल.

उलट बाजूनं, जिवंत, राहत्या, मत द्यायला आलेल्या माणसाचं नावच यादीत नसतं. २०२४ ला नागपुरात अशा तक्रारी शहरभर झाल्या. पूर्वी दहा वेळा मतदान केलेला माणूस चिठ्ठ्यांच्या टेबलाशी उभा राहून कार्यकर्त्याच्या मोबाइलवर आपलं नाव शोधतो, सापडत नाही, दुसऱ्या शाळेत जातो, तिथेही नाही, आणि दुपारी घरी परत येतो. त्याला आळशी म्हणणं अन्याय आहे. विधानसभेनंतर वाद उलट दिशेनं पेटला. नागपूर दक्षिण-पश्चिम आणि शेजारच्या कामठीतल्या वाढलेल्या मतदारांवर काँग्रेसनं आक्षेप घेतले, निवडणूक आयोगानं ते फेटाळले. कोणाची बाजू खरी याचा निवाडा इथे करता येणार नाही, पण याद्या हाच आता राजकारणाचा विषय झाला आहे, एवढं त्यातून उघड होतं.

नागपूरच्या वाढीचा आणखी एक परिणाम यादीवर होतो. शहर दक्षिणेला आणि पश्चिमेला पसरत चाललं आहे. महालातलं जुनं घर वाटणीत गेलं किंवा भाड्याचं सोडलं की माणूस बेसा किंवा वानाडोंगरीला फ्लॅट घेतो. नोकरी, बाजार, नातेवाईक सगळं नागपुरातच, पण मताच्या हिशोबात तो नागपूरच्या बाहेर पडलेला असतो. हे भाग कामठी आणि हिंगणा विधानसभा मतदारसंघांत येतात, म्हणजे लोकसभेला रामटेकमध्ये. त्याचं नाव मात्र जुन्या घराच्या केंद्रावर राहतं. मतदानाच्या दिवशी तो पंधरा किलोमीटर जाऊन जुन्या शाळेत मत देईल तर चांगलंच. नाही गेला तर नागपूरचा टक्का एकानं घसरतो, आणि रामटेकच्या यादीत तो कुठेच नसतो.

आता २०२४ चा निकाल या नजरेनं मांडून बघू. नागपूरच्या यादीत तेव्हा २२ लाख २३ हजारांच्या आसपास नावं होती. दर शंभर नावांपैकी २९ जणांनी गडकरींना मत दिलं, २३ जणांनी ठाकरेंना, दोघांनी बाकीच्या सगळ्यांना मिळून किंवा नोटाला. ४६ जण आलेच नाहीत. शहरातला सगळ्यात मोठा गट हा न आलेल्यांचा आहे, आणि त्याचा कल कुठला हे कोणालाच माहीत नाही. या ४६ पैकी किती घरी बसले, किती गावाबाहेर होते, किती हयात नव्हते आणि किती नुसते कागदावर होते, हे वेगळं काढल्याशिवाय नागपूर अमुक पक्षाचं आहे हे विधान अर्ध्या शहराबद्दलचंच राहतं.

कल मोजायचा तर लहान गावात मोजणं सोपं. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात डिक्सव्हिल नॉच नावाची एवढीशी वस्ती आहे. १९६० पासून तिथले मतदार निवडणुकीच्या दिवशी मध्यरात्री बाराला जमून मतदान करतात आणि काही मिनिटांत निकाल जाहीर होतो. २०२० मध्ये पाचही मतं जो बायडन यांना. २०२४ मध्ये सहा मतं, तीन कमला हॅरिस यांना, तीन डोनाल्ड ट्रम्प यांना. मतदान शंभर टक्के, पण गुप्तता जवळजवळ शून्य. पाचही मतं एकीकडे गेली की कोणाचं मत कुठे गेलं हे सांगावं लागत नाही. शिवाय अमेरिकेतल्या पुष्कळ राज्यांत मतदार नाव नोंदवतानाच आपण डेमोक्रॅट की रिपब्लिकन हे लिहून देतो, त्यामुळे गावाचा कल आधीच कागदावर असतो.

आपल्याकडे पक्ष लिहून द्यावा लागत नाही, ही चांगली गोष्ट. पण निकालानंतर नमुना २० प्रसिद्ध होतो आणि त्यात केंद्रवार मतं असतात. हजारभर नावांच्या केंद्रावर कोणाला किती पडली हे त्यातून कळतं, आणि केंद्र म्हणजे दोन-चार गल्ल्याच असतात. कागदी मतपत्रिकांच्या काळात गरज वाटली तर वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीआधी एकत्र मिसळता येत. यंत्रं आल्यावर ते थांबलं. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं टोटलायझर वापरावं असं निवडणूक आयोगानं २००८ मध्ये सुचवलं, विधी आयोगानं २०१५ च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला, केंद्र सरकारनं नकार दिला. त्यामुळे नागपुरातल्या प्रत्येक पक्षाच्या कार्यालयात आज शहराचा केंद्रवार नकाशा तयार असतो. भाजपचे पन्नाप्रमुख यादीच्या एकेका पानाला जबाबदार असतात. दुपारी तीननंतर कोणत्या पानावरचे किती राहिले ते पाहून फोन सुरू होतात. हे काम चोख आहे आणि त्यात गैर काही नाही. मात्र हा फोन आपल्या बाजूच्या वाटणाऱ्या घरातच जातो. ज्या घराचा अंदाज नाही तिथे कोणीच जात नाही. अशा घरांपर्यंत पोचायचं काम आयोगाचं आणि महापालिकेचं. त्यांच्याकडून तिथे पोचतात ते बहुतेक फलक आणि रॅली.

ऑस्ट्रेलियानं १९२४ मध्ये मतदान सक्तीचं केलं, न येणाऱ्याला किरकोळ दंड लावला, आणि तेव्हापासून तिथला टक्का नव्वदच्या आसपास राहिला आहे. आपल्याकडे सक्ती आणावी असं मला वाटत नाही. ज्याचं नाव यादीतून परस्पर गळलं त्याला दंड कसा लावणार? आधी यादी सुधारली पाहिजे, आणि ते आजच्या कायद्यात बसतं. २०२२ पासून वर्षातून चार तारखांना, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, अठरा वर्षं पूर्ण होणाऱ्यांना नोंदणी करता येते. पूर्वी फक्त १ जानेवारी होती. घर बदललं तर नमुना ८ भरायचा, मोबाइलवरूनही भरता येतो. दुसऱ्या मतदारसंघात गेलं तरी हाच नमुना चालतो. वारलेल्या माणसासाठी नमुना ७. मृत्यूची नोंद महापालिकेकडे होतेच. तीच नोंद दर महिन्याला मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे गेली आणि तिच्यावरून नावं खरंच तपासली गेली, तर निम्मा कचरा आपोआप निघेल. फ्लॅट स्कीमच्या सोसायटीच्या सचिवाकडे कोण आलं, कोण गेलं याचं रजिस्टर असतं. बीएलओला ते दाखवायला सोसायटीनं वर्षातून एक सकाळ दिली तरी पुरे आहे. नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर जवळजवळ चार वर्षं शहरात एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडे होता. नाव कुठे गेलं हे विचारायला वॉर्डातलं ओळखीचं माणूस उरलं नव्हतं, आणि लोकसभा व विधानसभा अशा दोन मोठ्या निवडणुका त्याच काळात, त्याच याद्यांवर झाल्या.